घड्याळवाले बाहेरगावी आहेत

सूनबाईचा घसा बसला तो सोमवारी दुपारी, मालिकेच्या एक हजार बाराव्या भागाच्या ऐन मध्यावर. पडद्यावर एक बाई जिना चढत होती, खाली सबटायटल उमटलं होतं, आणि ते वाचायला सूनबाईने तोंड उघडलं तर आतून नुसती हवा आली. सासूबाईंना वाटलं, जिन्यावरच्या बाईलाच भरून आलंय. त्यांनी मिनिटभर वाट पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, तिचं रडून झालं असेल तर पुढे वाच."

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून आत पाहिलं.

"शाळेत शिकवता का?"

सूनबाईने मानेनेच नाही म्हटलं.

"आईला मालिका वाचून दाखवते," नवऱ्याने सांगितलं. "रोज दोन भाग. दीड वर्ष झालं."

"मग आता पाच दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंही नाही. लोकांना वाटतं कुजबुजलेलं चालतं. ते बोलण्याहून वाईट."

वाटेत नवऱ्याचे डोळे चमकू लागले. सूनबाईला ती चमक ठाऊक होती, आणि ती घाबरली. नवरा दुसऱ्यांच्या कचेऱ्यांमध्ये जाऊन, तिथलं काम कसं सुधारावं हे सांगायची नोकरी करत असे, आणि कचेऱ्यांतून उरलेली सुधारणा घरी आणत असे. आईसाठी त्याने गोळ्यांची आठवण करून देणारं यंत्र आणलं होतं. ते वाजलं की शेजारचे आजोबा त्यांच्या गोळ्या घ्यायचे. स्वयंपाकघरातल्या डब्यांना त्याने क्रमांक दिले होते, आणि क्रमांकांची यादी डबा क्रमांक अकरात ठेवली होती.

"मशीन वाचेल!" तो म्हणाला. "सबटायटल म्हणजे काय, नुसता मजकूर. मजकूर वाचणारे आवाज आता फुकट मिळतात. तू मोकळी होशील. कायमची!"

सूनबाईने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. कुजबुजायचंही नव्हतं.

आता ती इतकी का घाबरली, ते सांगायला हवं.

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडला होता. कडेचं दिसे, समोरचं नाही. कुणी दारातून आत आलं तर त्यांना त्याचं कोपर दिसे, चपला दिसत, आणि चेहऱ्याच्या जागी धुक्याचा गोळा. कुणाला नीट बघायचं असलं की त्या मान वळवून भलतीकडेच पाहत. अशा माणसाने परक्या भाषेतली मालिका बघायची म्हणजे खाली येणारं मराठी दुसऱ्या कुणीतरी वाचायला हवं. सूनबाई वाचत असे.

मालिका होती एका घराची. खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान, वर घड्याळवाले आणि त्यांची बायको. घड्याळवाले पहिल्या भागापासून सासूबाईंच्या मनात भरले. त्यांचा डावा खांदा उतरता होता. सासरेही मोजणीखात्यात चाळीस वर्षं जड पिशवी वागवून डाव्या खांद्याने असेच उतरलेले. ते जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. सासूबाई धड जेवत नव्हत्या. पण मालिका लागली, घड्याळवाले पडद्यावर जेवायला बसले, की त्याही समोरच्या ताटातले चार घास खात. "बसले का गं ते?" असं विचारत, आणि मग चमचा उचलत.

आणि एकतिसाव्या भागात घड्याळवाले वारले.

सूनबाई नेहमी एक ओळ पुढे बघून वाचायची. ती ओळ तिला आधी दिसली. सासूबाईंचा चमचा ताट आणि तोंड यांच्या मधे होता. सूनबाई वाचून गेली, "मी जरा बाहेरगावी जाऊन येतो."

"कधी येणार म्हणाले?" सासूबाईंनी विचारलं.

"लवकरच."

चमचा तोंडात गेला.

खोट्याचं एक असतं, ते एकटं राहत नाही, त्याला सोबत लागते. घड्याळवाल्यांची बायको रडली, तर सूनबाईने त्याचं पत्राची वाट बघणं केलं. मग पत्रं आणावी लागली. ती काळे कपडे घालून कबरस्तानात गेली, तर त्याची बाग झाली. पुढे तर कहरच झाला. घड्याळवालीने दुसरं लग्न केलं. नवा नवरा दाढीवाला, मोठ्याने हसणारा. एका दुपारीत त्याला घड्याळवाल्यांचा धाकटा भाऊ करावं लागलं, आणि लग्नाचा अख्खा भाग मालिकेतल्या एका शेजारणीच्या माथी मारावा लागला.

"हा भाऊ फारच वेळ वर असतो गं," सासूबाई म्हणायच्या.

"दुकान बघायचंय ना, आई."

"दुकान खाली आहे."

इथवरचं खोटं दयेचं होतं. पण हात एकदा सैल सुटला की सुटतो. एका दमलेल्या दुपारी मालिकेतली एक म्हातारी काहीतरी लांबलचक बोलत होती, आणि सूनबाईने वाचलं, "संध्याकाळचा चहा मुलाने करावा. हात काही झिजत नाहीत." तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मुलाला स्वयंपाकघरात धाडलं, आणि तेव्हापासून चहा त्याच्याकडेच होता. मग ती म्हातारी म्हणाली, सुनेला दुपारी अर्धा तास पडू द्यावं. मग म्हणाली, भाजीत मीठ बेताचं असलेलंच बरं. म्हातारी मोठी शहाणी होती. सासूबाईंना तिचं सगळं पटे.

सूनबाई रोज पहाटे प्रार्थनेला बसे आणि डोळे मिटून म्हणे, कालचं तेवढं पोटात घाल. आजचं दुपारी होणार, हे तिला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असे.

आणि आता एक हजार तेरावा भाग मशीन वाचणार होतं. जे लिहिलंय ते.

नवऱ्याने दोन दिवसांची रजा काढली. टीव्हीला संगणक जोडला, संगणकाला स्पीकर जोडले, बैठकीच्या खोलीत अशा वायरी पसरल्या की सासूबाईंना खुर्चीतून उठायची बंदी झाली. सूनबाईने जुनी पाटी शोधून काढली होती. तिच्यावर तिने लिहिलं, "नको. आईंना सवय नाही."

"सवय लागते," नवरा म्हणाला.

तिने लिहिलं, "मला वाचायला आवडतं."

"म्हणूनच तर घसा गेला," तो म्हणाला, आणि प्रेमाने म्हणाला, त्यामुळे तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आवाज सात मिळाले. यादीत त्यांची नावं होती बाई एक, बाई दोन, बाई तीन, बाई चार, आणि पुरुष एक ते तीन. बुधवारी दुपारी उद्घाटन झालं. बाई एक खणखणीत सुरात म्हणाली, "चौकटी कंस सुरू. दार वाजतं. चौकटी कंस पूर्ण."

"कोण सुरू?" सासूबाईंनी विचारलं.

"थांब आई, ते काढतो."

ते काढलं. मग पडद्यावर कुणी हसलं तर बाई एक म्हणू लागली, "हा. हा. हा." जणू तीन माणसांकडे बोट दाखवतेय. शिवाय तिचा वेग कमी होता. चित्रातली माणसं दिवे मालवून झोपली तरी ती जेवणावरच होती. नवऱ्याने वेग वाढवला, तर ती मागे कुत्रं लागल्यासारखी पळत सुटली. सासूबाई खुर्चीचे हात धरून बसल्या. सूनबाई कोपऱ्यात पाटी मांडीवर घेऊन मनात म्हणत होती, बिघड, आणखी बिघड. पण नवरा चिकाटीचा. तासाभरात त्याने गाडी रुळावर आणली. आणि बाई एक अगदी स्पष्ट, अगदी सावकाश म्हणाली,

"माझ्या पहिल्या नवऱ्याला जाऊन चार वर्षं झाली."

"कुणाच्या?" सासूबाई म्हणाल्या.

"तिच्या, आई. घड्याळवाला तिचा पहिला नवरा ना. तो वारलेला दिसतोय."

"कोण म्हणतं?"

"ही म्हणते."

"ही कोण?"

"बाई एक."

"तिला काय माहीत? ती आज सकाळी आली या घरात! सूनबाई दीड वर्षं वाचतेय. मागच्याच आठवड्यात त्यांचं पत्र आलं, इकडे थंडी आहे, लोकरी बनियन पाठव म्हणून. मेलेला माणूस बनियन मागतो का?"

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने पाटीकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी मौन दिलं होतं, आणि औषध इतकं लागू पडल्याचं आजवर ऐकिवात नसेल.

"आवाज बदलून बघ," सासूबाईंनी फर्मान काढलं.

"आई, आवाज बदलला तरी मजकूर तोच राहतो."

"असं कसं? तुझे बाबा आणि तुझे काका एकच हकीकत सांगायचे. एकसारखी असायची का कधी?"

त्याने आवाज बदलले. तोच प्रसंग सात वेळा लावला. बाई दोन नाकात बोलत होती. नाकात बोलणारीवर सासूबाईंचा विश्वास नव्हता. बाई तीन फार गोड. "एवढं गोड बोलून कुणी मेल्याची बातमी देतं का? हिच्या मनात काळंबेरं आहे." बाई चार घाईची. पुरुष एक बातम्या देणाऱ्यासारखा होता, म्हणून तो ऐकताच बाद झाला. सात साक्षीदारांनी एकच साक्ष दिली, पण न्यायाधीश आरोपीच्या बाजूचे होते. आरोपी कोपऱ्यात पाटी पुसत होती. पाटीवर काही नव्हतंच.

रात्री अंथरुणावर नवरा छताकडे बघत म्हणाला, "तूच सांग, हे मशीन चुकतंय कुठे?" तिने कूस बदलली.

गुरुवारी सकाळी तो आणखी एक वायर आणायला बाहेर गेला आणि सूनबाई संगणकासमोर बसली. पुढच्या भागाची फाइल त्याने उघडीच ठेवली होती. तिला वाटलं होतं काहीतरी मोठं यंत्रशास्त्र असेल. बघते तर साधी यादी. क्रमांक, वेळ, आणि खाली वाक्य. वाक्य बदललं की बदललं. म्हणजे मशीन खरं बोलत नव्हतं, खोटंही बोलत नव्हतं. समोर ठेवाल ते बोलत होतं.

तिने "तुला जाऊन" असेल तिथे "तू बाहेरगावी जाऊन" केलं. "मेल्यावर" होतं तिथे "गेल्यावर". अशी सहा ठिकाणं तिने दुरुस्त केली. सातव्याला पोचणार तेवढ्यात आतून सासूबाईंनी पाणी मागितलं. पाणी देऊन येते तो जिन्यावर नवऱ्याची चप्पल वाजली.

दुपारी पुरुष दोनचा जड, भारदस्त आवाज म्हणाला, "तू बाहेरगावी जाऊन चार वर्षं झाली."

सासूबाईंनी मांडीवर थाप मारली. "बघ! हा खरा माणूस! आवाजावरूनच कळतं. हाच ठेव, बाकीच्यांना घालवून दे."

सूनबाईला मात्र आनंद झाला नाही. तिच्या तोंडी होतं तोवर ते तिला कधी पुरतं खोटं वाटलंच नव्हतं. वाचन वाटायचं, फार तर पदरचं मीठ. आता तेच वाक्य एका परक्या, विश्वासू आवाजात, खोलीच्या मधोमध उभं राहिलं, तेव्हा ते कसं दिसतं हे तिने पहिल्यांदा पाहिलं.

आणि लगेच पुरुष दोन त्याच भारदस्तपणे म्हणाला, "तुझ्या कबरीवर गवत फार वाढलंय."



"बाहेरगावी गेलेल्या माणसाची कबर?" सासूबाई हळू म्हणाल्या.

नवऱ्याने चित्र थांबवलं, पडदा निरखला, डोकं खाजवलं. "फाइलच बिघडलीय. दोन वेगवेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखी दिसते. एक म्हणतो मेला, एक म्हणतो गावाला गेला." मग तो ताठ बसला. ती चमक पुन्हा आली. "आपण चाचणी घेऊ. शास्त्रशुद्ध! मी नवी, स्वच्छ फाइल आणतो. रविवारपर्यंत हिचा घसा सुटेल. ही आपल्या नेहमीच्या पद्धतीने वाचेल, मी पडद्याशी ताडून खुणा करीन. मग मशीन वाचेल. कोण किती चुकतं ते कळेलच."

"सूनबाई चुकत नाही," सासूबाई म्हणाल्या.

शुक्रवार-शनिवार नवऱ्याने तक्ता तयार केला. ओळ क्रमांक, प्रत्यक्ष मजकूर, वाचलेला मजकूर, शेरा. त्याच्या तीन प्रती काढल्या. तिसरी कुणासाठी, हे कुणी विचारलं नाही.

रविवारी पहाटे सूनबाई प्रार्थनेला बसली. घशातून खरखरीत का होईना, आवाज येत होता. त्या दिवशी तिने माफी मागितली नाही. आज अजून काही घडलं नव्हतं. 

दुपारी सगळे जागेवर बसले. नवरा टीव्हीजवळ स्टुलावर, हातात पेन्सिल. सासूबाई खुर्चीत. "त्या पेटीतल्यांना आधी गप्प कर," त्या म्हणाल्या, म्हणून स्पीकर बंद झाले. चित्र सुरू झालं. पहिल्या दहा-बारा ओळी साध्याच होत्या, पाव आणा, छत्री घ्या. सूनबाई वाचत गेली, नवरा खुणा करत गेला, प्रत्येक खुणेला "वा" म्हणत गेला.

मग कबरस्तानाचं फाटक आलं.

तिला ओळ आधी दिसली, नेहमीसारखी. ओळ सोडून देता आली असती. खोकला काढता आला असता, आणि घशाकडे बघून तो कुणालाही खरा वाटला असता. तिने मान वळवली तर सासूबाई टीव्हीकडे बघतच नव्हत्या. त्यांनी चेहरा खिडकीकडे केला होता. म्हणजे डोळ्याच्या कडेने त्या नेमक्या सुनेला पाहत होत्या.

"तुला जाऊन चार वर्षं झाली," सूनबाईने वाचलं. "तुझ्या कबरीवर गवत फार वाढलंय. तू मेलास त्या दिवसापासून मी रोज तुझ्याशी बोलते, आणि घरी जाऊन दुसऱ्या नवऱ्याचं ताट वाढते. तुला राग येतो का, तेवढं एकदा सांग."

"शब्दन्‌शब्द!" नवरा उभाच राहिला. "बघ आई, शब्दन्‌शब्द जुळलं! म्हणजे बुधवारी मशीन बरोबरच वाचत होतं! मशीन पास!"

"बस खाली," सासूबाई म्हणाल्या.

तो बसला.

"म्हणजे गेले ते."

"हो, आई."

"कधी?"

"एकतिसाव्या भागात."

"आणि तो भाऊ?"

"नवरा."

"वाटलंच होतं मला. भाऊ काय एवढा वेळ वर असतो." त्यांचा हात खुर्चीच्या हातावर वरखाली फिरत होता. "दीड वर्षं मी रोज झोपताना देवाला सांगतेय, त्या माणसाला सुखरूप घरी आण. मेल्या माणसाला! काय म्हणत असेल तो मला."

सूनबाईने खाली मान घातली. एक डोळा पुसला, मग दुसरा.

"का केलंस?"

"तुमचा चमचा वर होता, आई. तुम्ही तेव्हा नुकत्या कुठे दोन घास खायला लागला होतात."

सासूबाईंनी चेहरा सरळ तिच्याकडे वळवून विचारलं, "आणि ते चहाचं? मुलाने करावा ते?"

"ते... माझं."

"दुपारचं पडणं?"

"तेही."

"मीठ?"

सूनबाईने मान हलवली, मग सासूबाईंना ती दिसणार नाही हे आठवून म्हणाली, "हो."

नवऱ्याच्या हातातली पेन्सिल हळूहळू खाली आली. "एक मिनिट. म्हणजे गेलं सव्वा वर्ष मी रोज जो चहा..."

"चहाची वेळ झाली," सासूबाई म्हणाल्या. "ऊठ."

"आई! पण ते तर तिने बनवून सांगितलं होतं!"

"घड्याळवाले गेले म्हणून चहा थोडाच खोटा ठरतो? आणि मीठ खरंच जास्त असायचं. ऊठ."

तो गेला. आतून डबे उघडल्या-मिटल्याचे आवाज येऊ लागले. क्रमांक त्याचेच होते, पण साखर कोणत्या क्रमांकात आहे ते त्यालाच आठवत नसे.

"तो भाग लाव," सासूबाई म्हणाल्या. "एकतिसावा. त्या पेटीला हात लावू नकोस. तू वाच. आणि आहे ते वाच."

सूनबाईने भाग लावला. घड्याळवाले पलंगावर पडलेले, बायको उशाशी, खालून घड्याळांची टकटक. तिने सगळं वाचलं. डॉक्टर काय म्हणाला ते, बायको काय म्हणाली ते. कंसातलं "दीर्घ श्वास" सुद्धा वाचलं. सासूबाई ऐकत होत्या.

"शेवटी काय म्हणाले?"

"तिसऱ्या फळीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे, गिऱ्हाइकाला सांग."

"आणि?"

"बस. एवढंच. मग जातात."

सासूबाईंच्या तोंडून हसल्यासारखा एक आवाज आला आणि मधेच तुटला. "आमचंही तसलंच. मला कुणी कधी विचारलंच नाही, जाताना काय बोलले म्हणून. मला वाटलं, या घरात ते विचारायचं नसतं. माझ्या ताटाकडे तेवढं सगळे बघायचे."

"काय म्हणाले, आई?"

"गच्चीवरचा नळ गळतोय. मी म्हटलं, उद्या बघू." त्यांनी पदराने नाक पुसलं. "उद्या बघू म्हटलं मी त्यांना."

नवरा चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकला होता. तीन कप, एकाखाली बशी नाही.

"तो नळ अजून गळतो, आई," तो म्हणाला.

"माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या. "ऐकू येतं मला."